खाडीतला हात

उत्तराने तेहतीस वर्षं नौपाड्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. त्या तेहतीस वर्षांत तिने फळ्यावर उल्हास नदी किती वेळा काढली असेल याला गणती नाही. नकाशा समोर लागायचाच नाही तिला. खडू टेकवायचा अवकाश, नदी कल्याणला वळसा घालून डोंबिवलीच्या अंगाने ठाण्याच्या डोक्यावर यायची. तिथे तिचे दोन फाटे व्हायचे, एक ठाण्याच्या खाडीकडे आणि एक वसईकडे. मग ती वर्गाकडे वळून विचारायची, "म्हणजे आपण कुठे राहतो?"

"ठाण्यात, बाई!"

"बेटावर राहता रे. साष्टी बेटावर. सगळीकडून पाणी आहे, फक्त तुम्ही ते कधी बघितलेलं नाही."

बघितलेलं तिनेही नव्हतं. म्हणून डिसेंबरात कोलशेतच्या धक्क्यावरून सीप्लेनच्या फेऱ्या सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा तिने पेपरातून मान वर न करताच सांगून टाकलं, "अहो, आपण जायचंय."

गुरुदत्त आठल्ये हसले. ते वागळे इस्टेटमधल्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. चौतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला माणूस. पाण्यावरून उडून पाण्यावर उतरणारं विमान जवळून बघायला त्यांनाही आवडणारच होतं. "पंधरा मिनिटांची तर फेरी," ते म्हणाले, "तुझा धडासुद्धा पुरा व्हायचा नाही तेवढ्यात."

"धडा मी शिकवलाय. आता फक्त तपासून बघायचाय."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला ते दोघे त्या विमानात बसले. विमान लहानच होतं. एकच इंजिन, पोटाखाली चाकांच्या जागी दोन लांबट होडक्यांसारखे फ्लोट. मधून वाट आणि दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी. चढायचं दार मागे डाव्या हाताला. उत्तरा डावीकडे बसली, गुरुदत्त वाटेच्या पलीकडे उजवीकडे. उत्तराच्या मागच्या खुर्चीवर एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी होती, सारखे सेल्फी काढत असलेली. तिच्या मागे दाराजवळ एक जाडसर गृहस्थ होते. त्यांनी चढता चढताच सगळ्यांना आपलं नाव साईनाथ असल्याचं सांगितलं आणि डोंबिवलीहून आणलेल्या आलेपाकाच्या वड्या वाटल्या. पुढे आणखी तिघे, आणि त्यांच्या पुढे दोन पायलट.

विमान पाणी कापत गेलं आणि अलगद सुटलं. उत्तराने कपाळ काचेला टेकवलं, ते पुन्हा उचललंच नाही. माणकोलीचा पूल खालून गेला. डोंबिवलीच्या इमारती, खाडीकाठची हिरवी झुडपं, मग कल्याणचा दुर्गाडी किल्ला. तिथे विमान वळलं आणि परत ठाण्याकडे निघालं.

"अहो, तो बघा फाटा! दिसला? अगदी तस्साच आहे हो!" इंजिनाच्या आवाजावर ती ओरडली. साठीला आलेली बाई, पण चेहरा सहावीतल्या मुलीचा झाला होता.

गुरुदत्तांनी फाटा बघितला नाही. ते ऐकत होते. यंत्र आजारी पडलं की सगळ्यात आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांनी हाताखालच्या किती पोरांना शिकवलं होतं. आत्ता त्या एकसुरी घरघरीत एक बारीक किरकिर मिसळली होती. कुणालाही कळली नसती. त्यांना कळली, आणि त्यांनी मान लांब करून पायलटांकडे बघितलं.

पुढच्या काचेवर एक तपकिरी ओघळ आला. मग दुसरा. बघता बघता पायलटांच्या समोरची अख्खी काच काकवी ओतल्यासारखी झाली. इंजिनाचं तेल. किरकिरीचा करकराट झाला, विमान दोनदा हिसडलं, आणि मग आवाज थांबलाच. उरला तो फक्त वारा.

"आपण खाली का चाललोय?" उत्तराने विचारलं. आता ओरडावं लागत नव्हतं.

"उतरतोय," गुरुदत्त म्हणाले.

एवढंच. 'पट्टा घट्ट कर' म्हणाले नाहीत, 'डोकं खाली घाल' म्हणाले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं आणि तोंडातून मात्र तेवढा एकच शब्द निघाला.

पायलटला पुढचं काही दिसत नव्हतं, तरी त्याने बाजूच्या खिडकीतून बघत विमान खाडीच्या पाण्यापर्यंत सरळ आणलं. पहिला आपटा बसला, दुसरा बसला, आणि साईनाथ मागून "गणपती बाप्पा" म्हणायला लागलेच होते तेवढ्यात डावा फ्लोट पाण्यात रुतला. विमान नाकावर उभं राहिलं आणि उलटं झालं.

नंतर त्या सेकंदांबद्दल गुरुदत्तांना पोलिसांनी विचारलं, चौकशीवाल्यांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं. आठवायला फार काही नव्हतंच. थंडगार, गढूळ, रॉकेलसारख्या वासाचं पाणी. डोळे उघडे असून काळोख. ते पट्ट्यात उलटे लटकत होते. त्यांनी पहिलं काम केलं ते पट्टा सोडायचं, आणि तीच चूक झाली. पट्ट्यात असेपर्यंत उत्तरा त्यांच्या डाव्या हाताला होती. पट्टा सुटला, त्यांचं डोकं छतावर आपटलं, ते गोल फिरले, आणि डावं-उजवं, पुढे-मागे सगळं पुसलं गेलं. ते हात फिरवत राहिले. हाताला खुर्चीची पाठ लागली, कुणाची तरी पर्स लागली. आणि मग एक हात लागला. बाईचा हात. त्याने त्यांचं मनगट आवळलं.

तो हात धरून ते ओढत सुटले. कुठून तरी उजेडाची हिरवट पट्टी दिसत होती, दार उघडं होतं. छातीत आग पेटली होती. मध्येच तो हात अडला, मागून कुणी ओढल्यासारखा. त्यांनी पाय दाराच्या चौकटीला लावला आणि आपलं सगळं बळ एकवटून हिसका दिला. हात सुटून आला. दोघेही वर आले.

"उत्तरा," ते म्हणाले, पाणी ओकत, "उत्तरा, श्वास घे, श्वास—"

समोर एक अनोळखी चेहरा होता. केस तोंडावर चिकटलेले, ओठ निळे. ती मागच्या खुर्चीवरची मुलगी.

"तू कोण?" गुरुदत्त ओरडले. "तू कोण?"

 तिने अजून त्यांचं मनगट धरलेलं होतं. त्यांनी तिची बोटं एकेक करून उचकटली आणि पाण्यात बुडी मारायला वळले. तोवर एक होडी आलेली होती. डोंबिवलीजवळच्या मोठागावचे तानाजी भोईर जाळं लावायला निघालेले, त्यांनी विमान पडताना बघितलं आणि होडी वळवली होती. त्यांनी गुरुदत्तांना मागून काखेत धरलं.

"दादा, जाव नका! इमान बुरतंय!"

"माझी बायको आत आहे! सोडा मला!"

"मी जातो. तुमी नका जाव. मी जातो ना!"

आणि तानाजी खरंच गेले. दोनदा गेले. पहिल्या खेपेला त्यांनी पुढच्या एकाला काढलं. दुसऱ्या खेपेला रिकाम्या हाताने वर आले, आणि होडीची कड धरून नुसती मान हलवली. विमानाचे फ्लोट तेवढे पाण्यावर दिसत होते. मग तेही कलले.

नऊपैकी सहाजण वाचले. उत्तरा, साईनाथ आणि एक पायलट यांना दुपारी बाहेर काढलं. पाणबुड्याने गुरुदत्तांना सांगितलं, बाईंचा पट्टा सुटलेला होता, त्या दाराच्या दिशेने निघाल्या होत्या. त्याला वाटलं असावं, याने नवऱ्याला धीर येईल.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गुरुदत्तांचा फोटो होता. 'पत्नी गमावली, पण तरुणीला जीवदान.' होडीतून त्यांना आणि त्या मुलीला उतरवताना कुणीतरी काढलेला. कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, कुणास ठाऊक. गुरुदत्त तेव्हा बोलण्याच्या अवस्थेतच नव्हते, आणि बोलण्याच्या अवस्थेत आले तोवर गोष्ट सगळ्यांच्या तोंडी झाली होती. भेटायला येणारा प्रत्येकजण ती त्यांनाच ऐकवायचा. त्यांची मुलगी उर्वी डोंबिवलीहून येऊन महिनाभर राहिली. ती रोज रडायची आणि रडून झालं की म्हणायची, "बाबा, आईला तुमचा किती अभिमान वाटला असता." गुरुदत्त ताटातला भात चिवडत राहायचे. कसं सांगणार? आईला गमावून बसलेल्या पोरीजवळ आता तेवढंच तर होतं.

मार्चमध्ये चौकशीचा पहिला अहवाल आला. इंजिनाला तेल नेणाऱ्या नळीचा नट सैल होऊन सुटला होता. नट फिरू नये म्हणून त्याला एक बारीक तार पिळून बांधायची असते, ती दुरुस्तीनंतर बांधलीच गेली नव्हती. उर्वीने फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "एवढंच? एका तारेमुळे?"

"वीतभर लागते," गुरुदत्त म्हणाले. "बांधायला दोन मिनिटं." अशा हजारो तारा त्यांनी स्वतःच्या हातांनी पिळल्या होत्या. ते उठून मोरीत गेले आणि नळाखाली हात चोळत राहिले.

एप्रिलच्या सुरुवातीला केदार पेठे आले. ते वरच्या मजल्यावर राहायचे आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस होते. "रविवारी सकाळी साडेदहाला, आपल्या हॉलमध्ये. छोटासा सत्कार. नाही म्हणायचं नाही, आठल्ये."

"पेठे, नको. खरंच नको."

"तुमच्यासाठी नाही हो, उत्तरावहिनींसाठी. त्यांचे विद्यार्थीही येणारेत."

गुरुदत्तांनी मान डोलावली.

रविवारी हॉल भरला होता. उर्वी पहिल्या रांगेत होती. स्टेजवर टेबलावर उत्तराचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. पेठ्यांनी भाषण केलं, शाल घातली, श्रीफळ दिलं. मग माईक तोंडाशी नेऊन डोळे मिचकावत म्हणाले, "आणि आता आठल्यांनाही माहीत नसलेली एक गोष्ट. त्यांनी जिला मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं, ती रसिका आज खास टिटवाळ्याहून आलेली आहे!"

विंगेतून ती आली. हिरवा कुर्ता, केस घट्ट बांधलेले. गुरुदत्तांनी तिला त्या दिवसानंतर बघितलंच नव्हतं. तिने दोनदा फोन केला होता, त्यांनी उचलला नव्हता. ती पाया पडायला वाकली आणि ते झटकन मागे सरले. खुर्ची पडली.

 पेठ्यांनी माईक त्यांच्यापुढे धरला. "दोन शब्द, आठल्ये."

"मी हिला वाचवलेलं नाही," गुरुदत्त म्हणाले.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारणीला सांगितलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं, "बघा, केवढा विनय!"

"नाही, नाही. ऐका." गुरुदत्तांनी माईक हिसकावून घेतला. "पाण्यात काही दिसत नव्हतं. मी माझ्या बायकोला ओढत होतो. मला वाटलं, हात उत्तराचा आहे. वर आल्यावर कळलं. हे मला खाली कळलं असतं ना, तर... मी हा हात सोडला असता. दुसरा शोधला असता. तुम्ही ज्याला शाल घातलीत, त्याने हे केलं असतं."

सुरू झालेल्या एक-दोन टाळ्या मध्येच थांबल्या. कुणाला काय करावं कळेना. पेठे माईककडे बघत राहिले. गुरुदत्तांनी उर्वीकडे बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. ते स्टेजवरून उतरले आणि बाजूच्या दाराने थेट बाहेर जिन्यात येऊन बसले. 

थोड्या वेळाने कुणीतरी त्यांच्या शेजारी बसलं. रसिका होती.

"काका, मला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यांनी खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली.

"वर आल्यावर तुम्ही मला 'तू कोण' विचारलेलं ना. तेव्हाच कळलं. मग तुम्ही माझी बोटं सोडवलीत. मला राग नाही आला हो. मी पण माझ्या आईसाठी तेच केलं असतं." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मी तुम्हाला फोन केलेला तो थँक्यू म्हणायला नाही. मला एक सांगायचंय. तीन महिने झाले, कुणालाच सांगितलं नाही. आईला पण नाही."

"काय?"

"तुम्ही मला ओढत होतात, तेव्हा मी मध्ये अडकलेले. आठवतंय?"

गुरुदत्तांच्या खांद्यात तो हिसका पुन्हा उठला. "हो."

"माझा पाय कुणीतरी धरलेला. घोट्याच्या वर. दोन्ही हातांनी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी लाथ मारली, काका. एकदा नाही सुटला. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा सुटला."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. गुरुदत्तांना ते शब्द ऐकू येत होते आणि अर्थ लागत नव्हता. उत्तराचा पट्टा सुटलेला होता. ती दाराच्या दिशेने निघाली होती. तिने कुणाचा तरी पाय धरला असणार. आणि दुसऱ्या टोकाला ते स्वतः होते, चौकटीला पाय लावून, सगळा जोर काढून हिसका देत.

"डावा की उजवा?" त्यांनी विचारलं. त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

"काय?"

"पाय. कुठला?"

"डावा. पण विमान उलटं होतं, आणि मीही फिरलेले. पुढून धरलेला का मागून, काहीच सांगता येत नाही. मागे ते वडीवाले काका होते, पुढे काकू." ती रडत नव्हती. रडून संपलेल्या माणसासारखी बसली होती. "हात बाईचा होता की पुरुषाचा, तेही नाही कळलं. बांगड्या लागल्या का, ते मी रोज आठवून बघते. कधी वाटतं लागल्या, कधी वाटतं नाही. मी कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. पेशंट नाव सांगतात आणि मला ऐकूच येत नाही. ते तिकीट पण माझं नव्हतं. डॉक्टरांना जायला जमत नव्हतं म्हणून मला दिलेलं."

गुरुदत्त उठले. तीन पायऱ्या उतरले, परत चढले. या पोरीचा गळा धरावा असं क्षणभर त्यांना खरोखर वाटलं, आणि त्या क्षणाची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या डाव्या पायातल्या सँडलचा पट्टा उघडा होता आणि घोट्याभोवती तिने क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं. दुखत असणं शक्य नव्हतं, तीन महिन्यांनी.

"मी ओढलं," ते सावकाश म्हणाले. "तू लाथ मारली नसतीस, तरी मी ओढलंच असतं. माझ्या त्या हिसक्याला कुणीही सुटलं असतं."

"खरं?"

"खरं."

त्यांना ते खरं की खोटं हे अजिबात माहीत नव्हतं. चौतीस वर्षं यंत्र कुठे, कशाने, कधी बिघडलं हे शोधण्यात गेली होती, आणि हे एक कधीच कुणालाही शोधता येणार नव्हतं. पण बोलून झालं होतं, आणि ते परत घ्यायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं.

वरच्या पायरीवर उर्वी उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने दोघांकडे बघितलं.  मग तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"हिला घरी सोडू या," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता. "बाबा, तुम्ही पुढे बसा."

"उर्वी, मी तुला आधीच—"

"आत्ता नको, बाबा. प्लीज. आत्ता मला नाही जमणार. बसा तुम्ही."

भिवंडीच्या बाजूने जाऊन गाडी खाडीवरच्या दुर्गाडीच्या पुलाशी आली. मागच्या सीटवर रसिकाने डोळे घट्ट मिटले आणि पुढच्या सीटची पाठ धरली. तिच्या मुठीचा दाब गुरुदत्तांना पाठीत जाणवत होता. खाली ओहोटीचं पाणी करडं आणि स्वस्थ होतं. 

"पूल संपला," उर्वीने सांगितलं. मागची मूठ सुटली.

टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या मागे तिसऱ्या मजल्यावर रसिकाचं घर होतं. तिची आई मंजुळा दारातच उभी होती. तिने गुरुदत्तांना ओळखलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "दादा, तुमच्यामुळं माझी पोर हाय. देवच आलात तुम्ही."

रसिका आईच्या मागे उभी होती. ती बापुडवाण्या नजरेने गुरुदत्तांकडे बघत होती. स्टेजवर बोलले ते इथेही बोलतील का, याची तिला धास्ती वाटत होती.

"बसतो जरा," गुरुदत्त म्हणाले. "चहा द्याल?"

"अवो, देते की! बसा, बसा." मंजुळा लगबगीने आत गेली. उर्वी खुर्चीच्या कडेवर टेकली. अजून तिने त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. चहा आला, बशीत चार बिस्किटं आली. गुरुदत्तांनी एक बिस्किट उचललं आणि चहात बुडवून खाल्लं, आणि मग दुसरं उर्वीपुढे धरलं.

तिने ते लगेच घेतलं नाही. हात पुढे केला, थांबली, आणि मग घेतलं.